जयंतीला उचललेली पिकअप

पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकाच्या बरोबर वर, तुम्ही कधी बसून गेला आहात का? केबिनमध्ये नाही. मागे, पत्र्यावर, पोत्याची घडी खाली घेऊन, एका हातात खुरपं आणि मांडीवर भाकरीचं फडकं सांभाळत?

आमचं गाव राणीसावरगावच्या वाटेवर आहे. खुरपणीला, वेचणीला बायका नेणारी पिकअप गावात एकच, माझ्या चुलतभावाची. एप्रिलमध्ये तीच गाडी जयंतीच्या मिरवणुकीत लागते. पुढच्या बाजूला प्रतिमा, मागे आवाजाची खोकी. गेल्याच्या गेल्या साली पालमला सगळ्या गावांच्या गाड्या एका रांगेत उभ्या राहिल्या आणि आमची ठेंगणी दिसली. शेजारच्या गावची पोरं म्हणाली, "तुमची गाडी उभी हाय का बसलीय?" एवढ्या एका वाक्यावर आमच्या जयंती मंडळाने पुढच्या वर्षी गाडी उचलायचं ठरवलं.

मी गंगाखेडला आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकते. गाडीखाली जाऊन मी स्वतः पाहिलं, म्हणून उचलणं म्हणजे काय ते सांगते. मागच्या ॲक्सलवर पोलादी पट्ट्यांची कमान असते, तिला आम्ही पाटे म्हणतो. चाक खड्ड्यात गेलं की हे पाटे वाकतात आणि धक्का गिळतात. मंडळाने ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये चार बोटं जाडीचे लोखंडी ठोकळे घातले आणि लांब बोल्टांनी आवळले. खोक्यांच्या वजनाने मागचा भाग दबू नये म्हणून वर आणखी दोन पाटे वाढवले. चाकाची उसळी आवरणारे शॉकअप मात्र जुनेच, आधीच्याच लांबीचे. ते उभ्या गाडीतच जवळजवळ पुरते ताणलेले. चाक खड्ड्यात उतरलं की त्यांना लांब व्हायला जागा नसते, ते खटकन अडकतात आणि तो झटका सरळ हौद्यात येतो. वजन उंच गेल्याने वळणावर गाडी झुलते ते वेगळंच. आणि पाटे कडक केलेले खोक्यांसाठी. खोकी उतरल्यावर दहा बायका चढल्या तर ते वाकत नाहीत. दहा बायकांचं वजन त्या गाडीला कळतसुद्धा नाही.

मिरवणूक झकास झाली. प्रतिमा उंच दिसली, मीही नाचले. माझं भांडण त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनचं आहे. त्या दिवशी ठोकळे निघायला हवे होते. निघाले नाहीत, कारण उंच गाडी भावाला आवडली. तो ती धुवायचा, तिच्यापुढे उभा राहून फोटो काढायचा. बायकांना चढता येईना तेव्हा त्याने मागे एक दगड टाकला.

"चढा मामी, तेवढाच व्यायाम होतोय," तो शेजारच्या मामीला म्हणाला.

"व्यायामाला आधी तुझी बायकू चढव," मामी म्हणाली. बायका हसल्या, एकमेकींना हात देत चढल्या. असं हसून चढणं आमच्या बायकांच्या अंगवळणी पडलं आहे, आणि मला त्याचाही राग येतो.

श्रावणात सोयाबीनची खुरपणी होती. मला सुट्टी, म्हणून मीही सोबत होते. केबिनजवळची कमी आदळणारी जागा मायने एका गरोदर पोरीला दिली आणि स्वतः मागच्या चाकावरच्या जागेवर बसली. नाल्याच्या पुलापुढे रस्ता खचला आहे. गाडी उडाली. माय माझ्या डोळ्यांसमोर पत्र्यावरून हातभर वर गेली आणि माकडहाडावर आपटली. श्वास परत आल्यावर तिने विचारलं, "खुरपं कुनाला लागलं न्हाई ना?"

हाडाला चीर पडली होती. डॉक्टर म्हणाले, उकिडवं बसायचं नाही. खुरपणी तर उकिडवं बसूनच, पुढं सरकत सरकत करायची असते. मायला दुसरं काम येत नाही असं नाही, पण पावसाळ्यात गावात बाईला दुसरं काम मिळत नाही.

पौर्णिमेला विहारात वंदना झाली आणि मी उभी राहिले. म्हटलं, ठोकळे काढा.

"मंडळाचा ठराव हाय," एकजण म्हणाला.

"ठराव मिरवणुकीचा होता. माझ्या मायच्या हाडाचा न्हवता."

भाऊ म्हणाला, "खड्डा सरकारचा हाय. त्यान्ला बोल की."

"त्यान्लाबी बोलते. पर ठोकळा आपला हाय दादा, आदी तो काढू."

"बाई, तू जयंतीला इरोध करायलीस का?" ठरावाचं बोलणारा तो म्हणाला.

मी गोष्टींच्या पुस्तकांआधी चळवळीची पत्रकं वाचली. बाप सभेतून आणायचा आणि मला मोठ्याने वाचायला लावायचा. माणसाच्या इज्जतीवर ज्यांनी आयुष्य वेचलं त्यांची प्रतिमा उंच दिसावी म्हणून गाडी उचलायची, आणि त्याच गाडीत आपल्याच आया-बहिणींना पोत्यासारखं आदळायचं. हे बोलणं विरोध असेल तर तो पत्रकांनीच मला शिकवला.

त्या रात्री कुणी काही कबूल केलं नाही. सकाळी भावाने हॉर्न वाजवला. मामी गाडीजवळ गेली आणि चढायच्या ऐवजी त्या दगडावरच बसली. "तू जा रं बाबा. आमी गाडी खाली आल्यावर येतो." एकही बाई चढली नाही. शेतमालकाचे फोनवर फोन. भाऊ रागाने रिकामी गाडी घेऊन गेला आणि दुपारी ठोकळे काढून ती परत आणली. वाढवलेले दोन पाटे मात्र राहू दिले. म्हणाला, जयंतीला लागतीलच.

माय अजून उकिडवी बसू शकत नाही. डोक्यावर हंड्याखाली घ्यायची चुंबळ ती आता बसायला खाली घेते. पुढच्या आठवड्यात मंडळाची बैठक आहे आणि ठोकळे परत बसवायचं बोलणं सुरू झालं आहे. मी जाणार आहे. हौद्यात लाकडी चौथरा करा, प्रतिमा त्यावर हवी तेवढी उंच ठेवा, गाडीला हात लावू नका, हे सांगणार आहे.

तुमच्या गावातही अशी उंच केलेली पिकअप असेल. उद्या सकाळी बायका चढायच्या आधी तिथे जा. मागच्या चाकाशी वाका आणि ॲक्सल व पाट्यांच्या मध्ये पाहा. ठोकळा दिसला तर गाडीपुढे उभे राहा, आणि तो निघेपर्यंत एकाही बाईला चढू देऊ नका.