खांदे सोडा म्हणणाऱ्या योगाच्या बाई

आमच्या योगाच्या बाईंना कोणाचा चढलेला खांदा बघवत नसे. नंदुरबारच्या मिरची बाजारात लिलाव ऐन रंगात असताना त्यांनी बोली लावणाऱ्या व्यापाऱ्याला सांगितलं होतं, "दादा, खांदे खाली सोडा. कोणी चोरून नेत नाही." व्यापाऱ्याने खांदे सोडले. माल दुसऱ्याने घेतला. बाई आपल्या वाटेने गेल्या.

मी चौथी शिकलोय, तीही पूर्ण नाही. पण श्वास घ्यायला मला कोणी शिकवावं अशी वेळ आली नव्हती. म्हणून सून रेखा शिबिराचं बोलली तेव्हा मी लक्ष दिलं नाही. दिवाळीनंतर माझी बायको गोदा गेली होती. मी रडलो नाही. दहावं, तेरावं, पंगत, सगळं उभं राहून केलं. आणि घरात सांगून ठेवलं, तिचं नाव काढायचं नाही. मग घरात कोणी काहीच बोलेना. मला झोप येईना, घास उतरेना. रेखा मागे लागली, "एक दिन चाला, आबा. नई पटनं ते परत ई जावा." परत येता येणार होतं, म्हणून गेलो.

शिबिर मनाच्या शांतीचं. हॉलच्या मागेच मिरचीची पथारी, मैदानभर लाल मिरची वाळत घातलेली. बाई नाशिककडच्या, नवऱ्याच्या बदलीने नव्याच आलेल्या. त्यांनी खिडक्या सताड उघडल्या आणि म्हणाल्या, "खोल श्वास घ्या." आम्ही घेतला. वारा पथारीकडून होता. अख्खा हॉल खोकायला लागला, सगळ्यांच्या डोळ्यांना धारा. बाईंना वाटलं, शिकवणं लागू पडलं.

"छान! आत साठलेलं बाहेर येतंय. अडवू नका."

मी म्हटलं, "बाई, आतलं काही नई, मिरची शे ती."

बाईंनी स्वतः एक खोल श्वास घेतला, पोटभर शिंकल्या आणि म्हणाल्या, "बरोबर आहे." दुसऱ्या दिवसापासून खिडक्या बंद. इतक्या लवकर चूक कबूल करणारं माणूस मी आमच्या घराण्यात पाहिलेलं नाही. म्हणून पुन्हा गेलो.

माझे खांदे मात्र त्यांना दाद देत नव्हते. रोज माझ्यापाशी येऊन थांबत. "आबा, एवढं काय उचलून धरलंय?"

"मन्हा खांदा असाच शेतस."

"असू देत. मला घाई नाही."

शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना आडवं झोपवलं. म्हणाल्या, "आपलं जे माणूस आता समोर नाही, त्याला मनात हाक मारा." मी मारणार नव्हतो. मारली. पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. हुंदक्याचा आवाज एवढा मोठा असतो हे मला माहीत नव्हतं. शेजारचा रिक्षावाला उठूनच बसला. "आबा, काय हुयनं?"

माझ्याआधी बाई बोलल्या, "काही नाही, मिरची उडालीय. सगळ्यांनी डोळे घट्ट मिटा."

रिक्षावाल्याने बंद खिडक्यांकडे पाहिलं आणि गुमान डोळे मिटले. माझं आटोपेपर्यंत बाई माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

पुढे त्यांच्या नवऱ्याची पुन्हा बदली झाली आणि त्या सुरतेच्या गाडीने गेल्या. मी स्टेशनवर गेलो नाही. आभार कसे मानतात ते मला जमत नाही. पण कोणी त्यांच्याबद्दल विचारलं, की मी शिबिराच्या त्या शेवटच्या दिवसाची संध्याकाळ सांगतो.

जेवायला बसलो होतो, रेखा डाळ वाढत होती. मी म्हटलं, "गोदा दायमा लसूण जास्त टाके."

रेखाचा वाढता हात थांबला. मग म्हणाली, "टाकेत. आनि नाव मन्हं सांगेत."

माझा पोरगा इतके दिवस माझ्यासमोर मान खाली घालून जेवत होता. तो हसला. "मले सांगे, तुन्ही बायकोले सैपाक येत नई." हसता हसता त्याला रडू फुटलं.

मी माझं ताट उचललं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो.