चालु म्हणजे पुरे

नर्सबाई ओरडत होती, "चालु! चालु!" आणि मी आणखी जोर लावत होते. बाळाचं डोकं बाहेर आलं होतं, गळ्याभोवती नाळेचे वेढे पडले होते, आणि दर कळेला ते वेढे मीच आवळत होते. मला काय माहीत? इंजिन चालू, गिरणी चालू, काम चालू... चालू म्हणजे थांबू नको, मराठी माणसाला एवढंच कळतं. नर्सबाई पार समुद्राकडच्या आंध्रातून नुकतीच आदिलाबादच्या दवाखान्यात बदलून आलेली. तिला आपल्याकडचा 'जोर' हा एकच शब्द येत होता आणि तो तिनं सकाळपासून घासून घासून झिजवला होता. आता ती घाबरली आणि आपल्या तेलुगूवर गेली. तिच्या तोंडाचा रंग उडालेला मला दिसला. मला वाटलं, मीच कमी पडतेय. म्हणून आणखी जोर.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि माझी मोठी नणंद आत घुसली. "थांब व माय! जोर नको लावू! चालु म्हंजे पुरे! ते पुरे म्हणून राह्यली!"

ही नणंद म्हणजे आमची अक्का. तिला जाऊन महिना होत आला. तोंडावर मी तिला 'तुमी' म्हणायची. लिहिताना 'ती'च येतं, त्याला माझा इलाज नाही. सकाळी चहा घेऊन गेले तर गेलेली होती. दुखणं नाही, काही नाही. मग बाया यायला लागल्या. तामसीच्या बसनं आल्या, इचोड्याहून ट्रकात बसून आल्या. नातवंडं झालेल्या बाया, आणि प्रत्येकीचं बोलणं एकच... अक्का नसती तर माझं बाळंतपण झालं नसतं. अंगणात बसायला जागा उरली नाही. मी बघतच राहिले. एक भाजी विकणारी बाई, स्वतःला मूल नाही, आणि तिच्यासाठी एवढ्या आया!

तिचा नवरा ऐन जवानीत तापानं गेला. दिरानं घराबाहेर काढलं. एक गाठोडं घेऊन ती आमच्या दारात आली आणि म्हणाली, "देवानं पाठवलं."

मी नवी नवरी, पण तोंड तेव्हाही असंच. म्हटलं, "देवानं काऊन? तुमच्या दिरानं हाकललं."

"दिराच्या हातानं पाठवलं. बोलावणं आलं का जावं. हात कोणाचा, ते पाहत नाही बसत मी."

मला तिचा हा देव कधी पटला नाही. पण ती रडत बसली नाही, हे खरं. घरामागच्या तुकड्यात वांगी, मेथी लावली आणि पहिल्या बसनं आदिलाबादला विकायला जाऊ लागली. तेलुगू ओ की ठो येत नव्हतं. एका साहेबाच्या बायकोनं पिशवी पुढं धरली आणि म्हणाली, "चालु अक्का, चालु." अक्कानं ऐकलं, चालू ठेव. ती टाकत गेली. बाई 'चालु, चालु' ओरडते आणि ही टाकते! सगळी टोपली रिकामी झाली तेव्हा शेजारच्या कांदेवाल्यानं अर्थ सांगितला. घरी येऊन हसत हसत खाली बसली. सासूबाई चिडल्या, एवढी भाजी फुकट घालवली म्हणून. ही म्हणते, "फुकट नाही गेली वो आई. एक शब्द आला."

माझ्या बाळंतपणानंतर नर्सबाईनं तिचा हात धरून सांगितलं, "अक्का, रेपू रा," म्हणजे उद्या ये. ही घरी येऊन म्हणाली, बोलावणं आलं. टोपली विकून झाली की दवाखान्यात जायची. नर्स तेलुगूत सांगे, ही बाळंतिणीला मराठीत सांगे आणि वर दोन शिव्या आपल्या घाली. नर्सा बदलल्या, ही तिथंच. मग मराठी कळणाऱ्या नर्सा आल्या, गावच्या पोरी शाळेत तेलुगू शिकल्या आणि एक दिवस दवाखान्यातले हिला म्हणाले, अक्का, आता नका येऊ. मीच पेटले. "इतकी वर्षं राबवून घेतलं अन् आता नको झाल्या?"

ती मेथी निवडत होती. म्हणाली, "चालु म्हणला तो. पुरे झालं. आता दुसरं काई सांगन."

"तुमचा देव तेलुगू बोलते का?"

"ज्याला जे कळते, ते बोलते."

मी बसले तिच्यासोबत मेथी निवडायला.

तर माझ्या बाळंतपणाचा तो दिवस. सासूबाईंनी अक्काला बाहेर बसवलं होतं. पोटची लेक, पण विधवा. पहिलटकरणीजवळ नको, हा रिवाज. ती मुकाट बसली होती. आतून 'चालु' ऐकलं आणि उठली. सासूबाईंनी पदर धरला. पदराचं टोक फाटून त्यांच्या हातात राहिलं आणि ही आत.

"चूल फुंकते तशी फुंक! फू, फू! दम नको कोंडू!" मी फुंकत राहिले. नर्सबाईनं नाळ बोटानं सैल करून डोक्यावरून काढली. मग 'जोर' म्हणाली आणि बाळ आलं. निळंसावळं, ढिलं, आवाज नाही. नर्सबाईनं रबरी नळीनं तोंड साफ केलं, अक्काला काहीतरी सांगितलं, आणि अक्का कोरड्या फडक्यानं त्याची पाठ चोळायला लागली. चोळता चोळता वर न बघता बोलत होती, "तुयं काम तू कर, मायं मी करून राह्यली." माझ्याशी नाही. तिच्या त्या देवाशी.

खोलीत दुसरा आवाज नव्हता. मला ते सहन झालं नाही. मी टेबलावरून किंचाळले, "तुमचा देव काय करून राह्यला, अक्का?"

"तोच चोळून राह्यला. तू गप पड."

नर्सबाईनं तळपायावर टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. अक्काचे हात थांबले नाहीत... आणि मग शिंकल्यासारखा एक आवाज आला, आणि मग असं रडणं, असं रडणं, की बाहेर सासूबाई मोठ्यानं विचारायला लागल्या, काय झालं, काय झालं! नर्सबाई भिंतीला टेकून तेलुगूत हसत होती, अक्का मराठीत शिव्या देत होती, आणि मला दोन्ही समजत होतं.

पोरगी झाली होती. ती जगली. मी जगले.