बंद घरातला माग

कुलूप लावलेल्या घरातून मागाचा आवाज येतो, अशी खबर घेऊन एक चुरमुरेवाला वडगावच्या चौकीत आला होता. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. हे साध्या चोरीचे प्रकरण मात्र तसेच्या तसे आठवते.

पहिले महायुद्ध संपत आले होते आणि बेळगाव भागात तापाची साथ येऊन गेली होती. लोक तिला मानमोडी म्हणत. सकाळी अंग मोडून आले म्हणणारा माणूस तीन-चार दिवसांत जाई आणि त्याला खांदा द्यायला माणसे शोधावी लागत. मी तेव्हा हवालदार होतो. फौजदारसाहेब अंथरुणाला खिळलेले, चौकीतले दोन शिपाई गेलेले, त्यामुळे चौकीचा कारभार माझ्याकडे आला होता. माझी बायकोही त्याच साथीत गेली. मी खानापूरच्या रस्त्यावर बंदोबस्ताला होतो. परत आलो तेव्हा शेजाऱ्यांनी सगळे उरकले होते. त्यानंतर पोलीस लाइनीतल्या खोलीवर मी फक्त कपडे बदलायला जाई. बाकी वेळ चौकीत. लोकांना वाटे, हवालदार कामाला फार दक्ष आहे.

वडगावची ती गल्ली विणकरांची. एरवी दिवस उजाडला की घराघरांतून माग सुरू होत आणि रस्त्यात बोलायचे तर आवाज चढवावा लागे. साथीनंतर गल्ली गप्प झाली. कित्येक घरांत कोणीच उरले नव्हते. पंचांनी अशा घरांना कुलपे लावून किल्ल्या एका वयस्क विणकराकडे ठेवल्या होत्या. सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्यांचे स्वतःचे दोन मुलगे गेले होते, तरी देवळाच्या आवारात आंबिलीची चूल त्यांनीच पेटवली. बेळगुंदीच्या शेतकऱ्यांनी जळण आणून टाकले. निपाणीकडच्या एका जैन तंबाखू व्यापाऱ्याने जोंधळ्याच्या गाड्या पाठवल्या. रोज दुपारी अख्खी गल्ली वाडगे घेऊन तिथे जमे.

पण आंबिलीवर गल्ली किती दिवस जगणार? आप्पांनी मला एकदा नीट समजावून सांगितले होते.

"हवालदार, माग एका माणसाचा नसतोय. एकानं सुताच्या कांड्या भरायच्या, एकानं उभ्या धाग्यांचा ताणा जोडायचा, एकानं विणायचं. आता घरटी एकेकच उरलाय. माग हायत, हात बी हायत, पर एका घरात न्हाईत."

म्हणून त्यांनी एक बेत केला होता. उरलेल्या एकट्यादुकट्यांना तिघातिघांत जोडायचे, ज्या घरातला माग चांगला असेल तिथे त्यांनी मिळून काम करायचे आणि चूलही तिथेच मांडायची. नाती, भावकी, जुनी भांडणे, काही पाहायचे नाही. बेत चांगला होता, पण सूत हवे होते. सूत देणारा पेठेतला व्यापारी म्हणाला, साथीआधी मी दिलेल्या सुताची लुगडी बंद घरांतल्या मागांवर अडकली आहेत. ती आधी माझ्या हातात द्या, मग नवे सूत नेता येईल.

आप्पा कुलपे उघडायला गेले तेव्हा तीन माग रिकामे निघाले. लुगडी कापून नेलेली होती. व्यापाऱ्याने फिर्याद दिली आणि चोर सापडेपर्यंत गल्लीला सूत बंद केले.

मी पंचनाम्याला गेलो. पुढची कुलपे शाबूत होती. परसातल्या दारांच्या कड्या मात्र बाहेरून काडी घालून उचलता येत होत्या. तिन्ही घरांत भांडी होती, कपडे होते, एका घरात देवाची चांदीची मूर्तीही जागेवर होती. चोराने फक्त लुगडे नेले होते, आणि तेही ताण्याचे धागे नीट बांधून. मला हे विचित्र वाटले. चौथ्या घरात लुगडे मागावर तसेच होते. आप्पा वाकून ते वितीने मोजू लागले.

"काय झालं, आप्पा?"

"मी कुलूप लावलं तवा ह्ये वीतभर विणलंतं. आता निम्म्याच्या वर गेलंय."

माझ्याबरोबरचा शिपाई दोन पावले मागे सरला. दुसऱ्याच दिवशी तो चुरमुरेवाला आला. दुपारी गल्लीत चिटपाखरू नसताना त्या चौथ्या घरातून ठोक ठोक ऐकू येते, असे त्याने सांगितले. "मी आता त्या गल्लीनं जातच न्हाय, साब. भूतबाधा हाय," असेही म्हणाला. मी त्याची जबानी घेतली. भूत सोडून बाकीची लिहून काढली.

दुपारी शिपायाला घेऊन मी त्या घराच्या परसात शिरलो. माग बंद होता, आत कोणी नव्हते; भिंतीला टेकून एक माणूस बसला होता. चाळिशी ओलांडलेला, दाढी वाढलेली, पाय पसरलेले. गल्लीच्या टोकाला राहणारा विणकर होता तो. बायको आणि दोन्ही मुली साथीत गेलेल्या. मी खांद्याला धरले तर त्याने सुटायची धडपडही केली नाही.

चौकीत आणून प्रश्न विचारायला घेतले तेव्हा मी आवाज चढवण्याआधीच तो बोलला.

"मीच केलं, साब."

"काय केलं?"

"तुमी म्हणताय ते."

"लुगडी कुठं आहेत?"

"इकली."

"कोणाला?"

"वाटंवरच्या माणसाला."

"कसला माणूस? कुठला?"

तो म्हणाला, "साब, हितं सांजंला भाकरी मिळती न्हवं?"

कबुली मिळाली की तपास संपला, असे मानणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले. त्या दिवशी मीही त्यांच्यातलाच होतो. मामलेदारांकडून चार दिवसांची कोठडी घेतली. व्यापाऱ्याला निरोप धाडला की इसम सापडला, माल निघतो आहे.

पण माल निघेना. तो दर वेळी वेगळी जागा सांगे. कधी शहापूरच्या बाजारात विकले म्हणे, कधी गाडीवानाला दिले म्हणे. आणि कोठडीत त्याचे बरे चालले होते. गजांपाशी बसून पहाऱ्यावरच्या शिपायाला तो मुलाबाळांची चौकशी करी. सकाळी हजेरी घेतली जाई ती कान देऊन ऐके. आरोपी असा वागत नाही. खोटे बोलणारा गुन्हा नाकारण्यासाठी बोलतो. हा गुन्हा अंगाला चिकटून राहावा म्हणून बोलत होता.

तिसऱ्या दिवशी मी आप्पांना घेऊन परत चौथ्या घरात गेलो. त्यांना म्हटले, विणलेल्या कापडावरून विणणाऱ्याचे काही कळते का? विणकर पाय सोडून बसतो त्या खड्ड्यात उतरून आप्पा मागावर बसले, डोळे मिटले आणि कापडावरून बोटे फिरवू लागले. एके ठिकाणी बोट थांबले.

"हितं हात बदललाय. हितपतूर घरधन्याचा हात. हितनं म्होरं ठोका हलका हाय."

"कोठडीतल्या माणसाचा?"

"छ्या! त्यो लई जोरात ठोकतोय. त्यानं विणलेलं लुगडं ताठ उभं ऱ्हातंय. ह्यो विणकराचा हातच न्हवं. बघून बघून शिकलेल्याचा हाय."

मी चौकीत येऊन कोठडीसमोर उभा राहिलो. "तू विणलेलं नाहीस. खोटं का बोललास?"

त्याने मान खाली घातली. "आवाज ऐकाय जात हुतो, साब. माग वाजला की घरात कुणीतरी हाय असं वाटायचं. आत कोण हाय ते मी बघितलं न्हाय. बघावं वाटलंच न्हाय."

"आणि कबुली?"

"तुमी धरून आणलं. हितं माणसं हुती. घरी गेलो तर भिंतीच हायत. ऱ्हाऊन जाऊ म्हटलं."

मला त्याच्यावर रागवायला हवे होते. पोलिसांचा तीन दिवसांचा वेळ त्याने वाया घालवला होता. पण मी जे कोणाजवळ बोललो नव्हतो ते त्याने सरळ बोलून टाकले होते, आणि माझी नजर त्याच्यावर ठरेना. मी वळून टेबलाशी गेलो आणि उगाच कागद चाळत बसलो.

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासूनच त्या घरात जाऊन बसलो. गल्ली आंबिलीला गेली आणि परसातली कडी हळूच उचलली गेली. समोरच्या घरातली विधवा बाई आत आली. पन्नाशीची असेल. सगळे तिला आक्का म्हणत. या चारही घरांच्या कांड्या तीच वर्षानुवर्षे भरत आली होती. तिने मला पाहिले नाही. लुगडे वर खोचून ती खड्ड्यात उतरली, आडवा धागा नेणारा धोटा हातात घेतला आणि विणू लागली. चार-सहा धागे झाल्यावर मी खाकरलो.

ती किंचाळली नाही. धोटा मांडीवर ठेवून म्हणाली, "आलासा?"

"आक्का, ही चोरी आहे."

"व्हय? मला ठावं न्हाय. दुपारच्याला समदी आंबिलीला जात्यात. गल्ली इतकी गप्प हुती की कानात दडं बसतंय. एक दिवस आत आले. अर्धं लुगडं तसंच हुतं. माझ्याच भरलेल्या कांड्या तिथं पडल्यात्या. बसले आन् विणलं."

"मग कापून का नेली?"

"पुरी झाली म्हणून. मागावर ठेवली असती तर आप्पांनी येपाऱ्याला दिली असती. मग त्या घरांचं काय उरलं असतं?"

तिने मला तिच्या घरी नेले. पेटीत, जुन्या धडप्यात गुंडाळून तिन्ही लुगडी ठेवलेली होती. एकेक उलगडून तिने दाखवली. हे अमक्या घरचे, इथपर्यंत त्याचा हात, इथून पुढे माझा. तिने एकही लुगडे नेसले नव्हते, विकले नव्हते. माझ्या हातात देताना तिसऱ्यावर तिचे बोट जरा रेंगाळले, एवढेच.

व्यापाऱ्याने लुगडी उजेडात धरून पाहिली. अखेरचा भाग सैल आहे म्हणून कुरकुरला, पण लग्नसराई तोंडावर होती आणि त्यालाही माल हवा होता. त्याने फिर्याद मागे घेतली. मी अहवाल लिहिला. फौजदारसाहेबांनी अंथरुणातूनच सही केली. आक्काला माग द्यावा की नाही यावर पंचांत थोडी वादावादी झाली. बाईमाणूस खड्ड्यात कशी बसेल, असे एकाने विचारले. आप्पा म्हणाले, "बसाय बाप्ये किती उरल्यात ते सांग की." आक्काला माग मिळाला. चार दिवसांत सूत आले. तिघेतिघे घरांत बसले आणि गल्लीत पुन्हा माग वाजू लागले. आधीच्या मानाने थोडेच, पण वाजू लागले.

कोठडीतल्या माणसाला मी आक्का सापडली त्याच संध्याकाळी सोडले. त्याने विचारले, "साब, आजची रात ऱ्हाऊ काय?"

मी म्हणालो, "ही धर्मशाळा नव्हे."

त्याने कांबळे नीट घडी करून कोपऱ्यात ठेवले, पहाऱ्यावरच्या शिपायाला रामराम केला आणि गेला. मला प्रकरण उलगडल्याचे समाधान होते.

पंधरवड्याने गस्त घालताना मी त्याच्या घरावरून गेलो. दार उघडे, चूल थंड, मागावर धूळ. आप्पांना विचारले, त्याला कोणाच्या घरी जोडलंत?

आप्पा माझ्याकडे बघतच राहिले. "सुटला व्हय त्यो? आमाला वाटलं, तुमच्याकडंच हाय. चोर घावला म्हणून सूत यायच्या आधीच जोडणी केली, तवा त्यो कोठडीत हुता. नाव घेतलंच न्हाय कुणी."

नंतर चौकशीत कळले. सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी तो देवळाच्या आवारात आला होता. लोक तिघेतिघे मिळून जेवत होते. तो कडेला थोडा वेळ उभा राहिला आणि कोणाला काही न विचारता परत गेला. बोलावणारे कोणी नव्हते, आणि आपणहून मागण्याचा त्याचा स्वभाव नसावा. त्यानंतर एका गाडीवानाने त्याला जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या वाटेला चालताना पाहिले होते.

मी रजा टाकून कणकुंबीला गेलो. नाक्यावरचा शिपाई म्हणाला, लाकूडतोड्यांच्या टोळीबरोबर तसा एकजण घाट उतरून गोव्याकडे गेला असावा. पलीकडे पोर्तुगीजांचा मुलूख, आमची हद्द तिथे संपत होती. जंगलात शिरणाऱ्या त्या वाटेकडे बघत मी नाक्यावर बराच वेळ उभा होतो. त्याला हाक मारावी तर जबानीत लिहिलेल्या नावाने हाक मारण्याइतकीही आमची ओळख नव्हती.

गुन्हेगाराला धरावे आणि निर्दोषाला सोडावे, एवढे आम्हाला शिकवले होते. सोडलेला माणूस कुठे जातो हे कोणी शिकवले नव्हते. साथीनंतर ती गल्ली उभी राहिली ती माणसे जोडून. ते जोडणे चालू असताना एक माणूस माझ्या कुलपाआड होता, आणि त्याने दिलेली खोटी कबुली मला सोयीची वाटली म्हणून होता. पुढे फौजदार झाल्यावर मी एक नेम पाळला. कोणालाही सोडण्याआधी विचारत असे, घरी कोण आहे? कोणी नाही म्हणाला तर त्याच्याबरोबर शिपाई पाठवी आणि गावच्या पाटलाला निरोप देई. हाताखालची माणसे हसत. कायद्यात असे कुठे लिहिलेले नाही, हेही खरे.

बदल्या होऊन मी त्या भागातून दोनदा गेलो आणि दोनदा परत आलो. घाटावरून लाकडाच्या गाड्या आल्या की थांबवून विचारत असे, असा असा एक विणकर कुठे दिसला का? बरेच जण म्हणत, पाहिल्यासारखा वाटतो. नक्की कोणी सांगितले नाही.