वर्लीनचा तिसरा उशीर

आमचं विद्यापीठ डोंगर आणि नदीच्या चिमट्यात बसलंय. वर चढ, खाली पाणी, मधे मालगाडीचे रूळ. इमारतींवर इमारती चढल्या, पण गाड्या लावायला सपाट जमीन आणायची कुठून? जागा नऊशे, पास वाटले अडीच हजार. पोरं म्हणायची, पास म्हणजे जागा नव्हे, जागा धुंडाळायचा परवाना. तिथं अकरा वर्षं पिवळं जाकीट घालून मी काचांवर दंडाच्या पावत्या खोचल्या आणि पोरांच्या शिव्या खाल्ल्या. वर्लीनच्या काचेवर मात्र कधी पावती खोचावी लागली नाही.

ती आमच्याच खोऱ्यातली. वय शेहेचाळीस. बाप कोळशाच्या धुळीनं छाती भरून गेला, नवरा त्याच खाणीत कंबर मोडून घरी बसला. हिनं एकोणीस वर्षं वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उचललं, पुसलं, भरवलं. एकदा एका म्हातारीचा श्वास अडकला. नर्स दुसऱ्या मजल्यावर, औषध कपाटात कुलूपबंद. काय द्यायचं ते हिला ठाऊक होतं, द्यायचा हक्क नव्हता. नर्स येईस्तोवर म्हातारी हिच्या हातात गेली. त्या उन्हाळ्यात तिनं नर्सिंगला नाव घातलं.

रात्रपाळी उरकून ती सहालाच यायची. तेव्हा हवी ती जागा मिळायची. खालच्या रांगेत गाडी लावून, मक्याची भाकरी चघळत पुस्तक वाचत बसायची.

"कसला धडा गं?" मी विचारायचो.

"हाडांचा. पोरट्यांना घोकावी लागतात रे. माझी दुखतात, त्यामुळं माझी मला पाठ आहेत."

नर्सिंगचा नियम कडक. आठच्या ठोक्याला वर्गाचं दार बंद. तीनदा उशीर झाला की नाव कट, मग मार्क कितीही असोत. वर्लीनचे दोन होऊन गेले होते. एकदा बर्फानं, एकदा फाटकात मालगाडी अडकून पडली म्हणून. शेवटचं सत्र चालू होतं. सात आठवडे काढले की झालं.

मार्चातल्या त्या मंगळवारी तिची बदली बाई कामावर आलीच नाही. म्हाताऱ्यांना टाकून येता येईना. सात वाजता सुटली, सात चाळीसला पोचली. तोवर सगळं ठासून भरलेलं. गाड्या एकामागं एक, नुसत्या घिरट्या.

आमच्याकडची रीत अशी, की कुणी हातात किल्ली घेऊन चाललेलं दिसलं की काच खाली करायची. "बस, सोडते तुझ्या गाडीपाशी." तो बसतो, त्याची गाडी निघते, जागा आपली. पण दार उघडायच्या आधी एक विचारायचं असतं, निघालायस की काही आणायला चाललायस? पहिल्या आठवड्यातलं पोरगंसुद्धा हे विचारतं. वर्लीन बारा तास पायांवर उभी राहून आली होती. तिनं नुसतं दार उघडलं.

एक पोरगी बसली. तिनं गाडी पार वर, मैदानाच्या मागं न्यायला लावली. उतरली, आपल्या गाडीतून कॅल्क्युलेटर काढला आणि परत येऊन बसली.

"तू निघत नाहीस?"

"नाही ओ काकू. नऊला पेपर आहे माझा. खाली सोडाल ना?"

हे मला वर्लीननंच नंतर सांगितलं.

"मग काय केलंस?"

"सोडली. वाटेतच होती."

सात चोपन्नला तिची गाडी माझ्यासमोर थांबली. मी नर्सिंगच्या इमारतीखालीच उभा होतो. माझ्या पाठीमागं आठ मोकळ्या जागा, समोर नारिंगी शंकू मांडलेले. राजधानीहून पाहुणे यायचे होते, दहाला.

"ऑर्विल, एक शंकू बाजूला घे."

"पाहुण्यांसाठी आहे गं."

"दहाला ना? मी नऊला काढते. आमच्या प्रुइटबाई वर्ग नऊला सोडतात."

"साहेब बघतील. माझ्या हातात नाही."

"दोन उशीर झालेत माझे."

"ठाऊक आहे मला."

 तिनं शंकूंकडं बघितलंसुद्धा नाही, माझ्याकडं बघत राहिली. मागच्यानं भोंगा वाजवला, तशी गाडी पुढं घेतली. रुळांपलीकडं, नदीकाठच्या चिखलात लावली आणि पळत सुटली. तिथून वर एकशे चाळीस पायऱ्या. मी शंकूंपाशी उभा राहून बघत होतो. निम्म्यावर थांबली, कठड्याला धरून वाकली, परत निघाली. दारापाशी पोचली तेव्हा आठ वाजून तीन मिनिटं झाली होती. प्रुइटबाईंनी काचेतून तिला बघितलं. दार वाजवू नको म्हणून बोट तोंडावर ठेवलं आणि फळ्याकडं वळल्या; हेही वर्लीननंच सांगितलं.

पाहुणे साडेदहाला आले. सगळे एकाच गाडीतून.

दुपारी वर्लीन पायऱ्या उतरून आली. हातात एक कागद. मी वाट बघतच होतो.

"पुढल्या वर्षी परत अर्ज करता येतो," मी म्हणालो.

"येतो. पहिल्या दिवसापासून." कागद घडी करून तिनं खिशात घातला. "पुढल्या वर्षी नवऱ्याच्या कंबरेचं दुसरं ऑपरेशन आहे. मी घरी नसले तर त्याला उठवणार कोण?"

 माझ्या पट्ट्याला वॉकीटॉकी खरखरत होता. तिनं त्याच्याकडं बघितलं.

"ह्याच्यावर विचारलंस का रे कुणाला?"

"काय?"

"सकाळी. एक तासाचं."

साहेब शंभर पावलांवर बसले होते. माणूस वाईट नव्हता, कधीकधी हो म्हणायचा. मी विचारलं नव्हतं. मनातसुद्धा आलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

"नाही म्हणाले असते, तर मी गेले असते ना रे निमूट." आवाज चढला नाही तिचा. "पण विचारायचं होतंस."

मग ती रुळांकडं निघाली. मालगाडी येत होती, तिला अलीकडंच थांबावं लागलं. कोळशाचे डबे जाईस्तोवर ती माझ्याकडं पाठ करून उभी होती. मी तिथंच होतो. मला जाता आलं असतं तिच्यापाशी.