मुठीचा डबा

आकुर्डीच्या चाळीत माझ्या शेजारच्या खोलीत कारखान्यातले एक फिटर राहायचे, एकटेच. स्वयंपाकाआधी ते तांदळाची एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायचे. ती परदेशातल्या मिशन दवाखान्यासाठी. रविवारी चर्चमध्ये ते तांदूळ विकून पैसे तिकडे पाठवायचे. मूठ टाकताना तिथल्या डॉक्टर, नर्सबाईंची नावं घेऊन मोठ्यानं प्रार्थना करायचे. भिंतीपलीकडून ऐकून मलाही ती पाठ झाली होती. त्यांतलं एकही माणूस फिटरनी पाहिलेलं नव्हतं.

एकदा ते तापानं पडले. मी पेज घेऊन गेलो.

"भाऊ, आधी तेवढी मूठ टाका."

टाकली. नावंही मीच घेतली.

डोळे मिटूनच ते म्हणाले, "शेवटी माझंबी घ्या. आजवर कुणी घेतलं न्हाई."

चाळीत सगळे त्यांना फिटरच म्हणायचे. नाव मलाही ठाऊक नव्हतं.