रेघेबाहेरची कपार

सतरा वर्षं समुद्रात बुड्या मारून मासे मोजले, पण मोजणीबाईला माशांचा कधी कंटाळा आला नाही. वीट आला तो माणसांचा. राखीव समुद्राच्या कार्यालयात ती मोजणीची प्रमुख, तोंडाची फटकळ. लोक लांबूनच नमस्कार करत.

समोरच्या दारात मासेमारी खातं. दोघांचा चहा एकाच किटलीतला, संडासाची किल्लीही एकच. पण एकाचा कागद दुसऱ्याला दाखवायचा म्हणजे जणू घरची अब्रू वेशीवर टांगायची.

राखीव हद्दीची रेघ दहा वर्षांतून एकदाच बदलते. त्यासाठी शुक्रवारी समितीची बैठक होती. मोठे खडकमासे अंडी घालायला जमतात ती कपार रेघेच्या तीनशे मीटर बाहेर, आणि तिथे बिनदिक्कत जाळी पडत. बाईकडे पाण्याखालची मोजणी तयार होती. पण समिती म्हणाली, बंदरावर उतरलेल्या माशांत अंड्यांनी भरलेले किती, तेही दाखवा. ती नोंद समोरच्या कपाटात होती. यंदा कपार आत आली नाही, तर तिचं वाटोळं ठरलेलं.

"अहो, वही द्या. इथेच बसून उतरवून घेते," ती समोरच्या कारकुनाला म्हणाली.

"माझ्या हातात असतं तर दिली नसती का? पत्र द्या. वर जाईल, वरून येईल. तीनेक महिने धरा."

"आणि तोवर माशांना काय सांगू? अंडी पोटात धरून बसा म्हणून?"

कारकुनाचं बिस्किट तुटून चहात पडलं. त्याने ते बोटाने काढून खाल्लं. बाईला किळस आली, त्या बोटाची आणि त्या अख्ख्या इमारतीची.

"रागावू नका. मागचा पत्रव्यवहार बघतो, एखादी वाट निघेल," म्हणत त्याने फाईल काढली आणि एक कागद तिच्यापुढे सरकवला. तीन वर्षांपूर्वी याच खात्याने त्याच कपारीची मोजणी मागितली होती. अंड्यांच्या हंगामात तिथली जाळी बंद करायचा त्यांचा विचार होता. खाली उत्तर जोडलेलं: सदर माहिती कार्यालयाबाहेर देता येत नाही. सही मोजणीबाईची.

तिला आठवलं. त्या आठवड्यात या खात्याने मोजणीला जायला बोट द्यायला नकार दिला होता. आम्ही कुडकुडत मोजायचं आणि यांनी आयतं खायचं, म्हणून तिने रागाने सही ठोकली होती. घरी नवऱ्याला रंगवून सांगितलंही होतं, कशी जिरवली म्हणून.

आता तिला स्वतःचीच शिसारी आली. तिने आपलं कपाट उघडलं, सगळ्या वह्या दोन खेपांत आणून कारकुनाच्या टेबलावर आदळल्या. "घ्या. हव्या तेवढ्या प्रती काढा."

"पत्राशिवाय कशा घेऊ हो?" तो ओशाळून म्हणाला. "आवक नोंद कशावर करू?"

शुक्रवारी अध्यक्षांनी विचारलं, बंदरावरची नोंद आणलीत का?

बाई उभी राहिली. "नाही. ते देत नाहीत. आणि तीन वर्षांपूर्वी त्यांनी आमची मोजणी मागितली तेव्हा मीही दिली नाही. दोन्हीकडचे कागद तेव्हाच एकत्र आले असते, तर ती कपार आज रिकामी होत चालली नसती."

अध्यक्षांनी मान डोलावली, 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहून घेतलं आणि पुढचा विषय पुकारला.