सुधाने सांगितलेला शेवट

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, लेकीला नाही. रोज देवापुढे बसते, तर तिथंसुद्धा हा विषय शिताफीने टाळलाय. मग तुम्हालाच का? — सुचतंय तोवर सांगून टाकते, झालं.

लेस्टरमध्ये आमचा बायकांचा वाचनकट्टा आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी लायब्ररीच्या मागच्या खोलीत जमतो. पद्धत अशी, की एकीने पुस्तक वाचायचं आणि बाकीच्यांना मराठीत सांगायचं. ती सांगेल तेच पुस्तक! आणि सगळ्यांत रंगवून सांगणारी कोण, तर मी. सातवीत शाळा सुटलेली, इथल्या टीव्हीसमोर बसून इंग्लिश शिकलेली बाई — पण मी बोलायला लागले की बायकांचे चहा गार व्हायचे, एवढं खरं.

तर एकदा माझ्या वाट्याला एक जुनी जर्मन कादंबरी आली, इंग्लिशमधली. तिचं नाव लिहीत नाही. जी वाचलीच नाही तिचं नाव कशाला मिरवू?

घ्या, निसटलं तोंडातून.

हो, नाही वाचली. चाळीस पानांतच मान आखडली. लायब्ररीत शेजारच्याच कपाटात तिच्यावरच्या सिनेमांच्या डीव्हीडी होत्या. एक जुना, काळापांढरा, कव्हरवर माणसं नुसती पुतळ्यासारखी उभी. दुसरा नवा, रंगीत. मी रंगीत आणला. रिमोटने थांबवत थांबवत, खालची अक्षरं वाचत वहीत टिपणं काढली. कोवळी पोर, बापाच्या वयाचा नवरा, समुद्रकाठचं उदास गाव, एक चुकलेलं पाऊल, आणि कितीतरी वर्षांनी सापडलेली पत्रं. नवरा तिला घराबाहेर काढतो, लेकीपासून तोडतो. आणि शेवटी ती आईवडिलांकडे पाठ फिरवून, ताठ मानेनं भर रस्त्यातून चालू लागते. तो शेवट मी असा काही सांगितला म्हणता — दोघीतिघींनी डोळे पुसले.

पण गोष्ट एवढीच असती, तर मी हे लिहायला बसले असते का?

सुधा होती ना तिथे. नागपूरकडची, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, एका केअर होमच्या किचनमध्ये कामाला. कट्ट्यावर नवीन, फारशी बोलायची नाही. पुढच्या महिन्यात सांगायची पाळी पहिल्यांदाच तिची होती. कसं सांगतात ते कळावं म्हणून तिने माझ्या वाटचं पुस्तकही वाचून काढलं होतं — जाता-येता बसमध्ये, डिक्शनरी मांडीवर घेऊन. ती हळूच म्हणाली, "नलूताई, पण ती मरते ना हो? आईवडिलांच्या बागेतच पुरतात तिला."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला एवढंच म्हणायचं होतं — असेल बाई, मी तर सिनेमा पाहिलाय. किती सोपं होतं! आणि मी काय म्हणाले?

"अगं सुधा, बसमध्ये पेंगलीस वाटतं! दुसऱ्याच कुणाला तरी पुरून आलीस!"

खो-खो हसल्या सगळ्या. सुधाही हसली. मग म्हणाली, "असेल. माझं इंग्लिश कच्चंच आहे."

पुढच्या महिन्यात आम्ही तिची वाट बघत बसलो. ती आली नाही. त्यानंतर कधीच आली नाही.

आणि मी? — सुधाची थट्टा केली त्या रविवारनंतर दोनच दिवसांनी मी तो काळापांढरा सिनेमा घरी आणला होता. त्यात ती मरते. मग पुस्तकाची शेवटची पानं काढून बसले, अख्खी दुपार गेली. मरते. बागेतच पुरतात. म्हणजे सुधाची पाळी यायच्या आधीच मला सगळं कळलं होतं, बघा. तिचा फोन नंबर होता माझ्याकडे. नाही केला फोन. बायकांनी विचारलं, सुधा का येत नाही, तर मी म्हटलं, शिफ्ट बदलली असेल तिची. नऊ वर्षं झाली याला.

अधूनमधून ती बेलग्रेव्ह रोडवर भाजी घेताना भेटते. "गुडघे कसे आहेत ताई?" म्हणून आधी तीच विचारते. परवा मी सहज विचारलं, हल्ली काय वाचतेस गं? म्हणाली, "वाचणं सोडलं हो केव्हाच. मला कुठे नीट समजतं."

घरी आले. भाजीची पिशवी तशीच ठेवली आणि हे लिहायला घेतलं. मंडळाच्या दिवाळी अंकात देणार आहे. कट्ट्यातल्या सगळ्या वाचतील, सुधाच्या घरीही अंक जातो. लिहिता लिहिता खांदे कसे सैल पडलेत, खरंच सांगते. नऊ वर्षं ओढून धरले होते, हे आत्ता कळतंय. घाबरले होते असं म्हणून सुटता आलं असतं. पण घाबरले नव्हते. वाहवा सोडवत नव्हती.

सुधा बरोबर होती. ती बसमध्ये पेंगली नव्हती, तिचं इंग्लिशही कच्चं नव्हतं. तिने ती कादंबरी शेवटच्या पानापर्यंत वाचली होती. मी वाचली नव्हती.